सहा चेंडूंपुरता खांदा

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी ‘क्रिकेटर’ असं लिहिलं होतं. वय त्र्याहत्तर. रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीला वाटलं, बाईंनी चुकून मुलाचा फॉर्म भरला. तिने तो माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि हळूच विचारलं, “नवीन देऊ का भरायला?”

मी काचेतून बाहेर पाहिलं. उंच, हाडापेराने मोठी, पांढऱ्या आखूड केसांची एक इंग्लिश बाई वेटिंगच्या जागेत येरझाऱ्या घालत होती. उजवा हात पट्ट्याने गळ्यात अडकवलेला. तिन्ही सोफे रिकामे होते, पण बाई बसत नव्हत्या. खिडकीपर्यंत जायच्या, खालच्या तळ्याकडे बघायच्या आणि वळून परत यायच्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची पुण्याची, पण आता बारा वर्षं झाली इथे. राहते शारजात, अल नहदाला, आणि नोकरी दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका क्लिनिकमध्ये. खांदे आणि गुडघे हे माझं काम.

“इथे रिटायर्ड असं लिहू का?” मी त्यांना आत बोलावून विचारलं.

“का?” त्या म्हणाल्या. “मी रिटायर झाले नाही. मला वगळलं. दोन्ही वेगळं असतं.”

बाथरूममध्ये पाय घसरून त्या खांद्यावर पडल्या होत्या. फाटलेले स्नायू शिवून सहा आठवडे झाले होते. नवीन पेशंट आला की मी एक प्रश्न हमखास विचारते : हा हात तुम्हाला कशासाठी परत हवाय? लोक सांगतात, केस विंचरायला, गाडी चालवायला, नातवाला उचलायला. एका आचाऱ्याने सांगितलं होतं, मोठी कढई उतरवायला. त्या उत्तरावर पुढचे सगळे व्यायाम ठरतात.

“सहा चेंडू टाकायला,” बाई म्हणाल्या.

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांच्याबद्दल लिहायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. “लिही,” त्या म्हणाल्या होत्या, “पण नाव नको. तेव्हा कुणी धड छापलं नाही, आता छापून काय करायचंय?” म्हणून नाव लिहीत नाही. त्यांचं नाही आणि मग दुसऱ्या कुणाचंच नाही.

ते वर्ष माझंही काही बरं चाललं नव्हतं. क्लिनिक विकलं जाणार अशी कुजबुज होती. नवे मालक कुणाला ठेवतील, कुणाला नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि नोकरी गेली की व्हिसाही जातो. नवरा शारजाच्या औद्योगिक भागात एका गोदामाचं काम बघतो. त्याच्या डोक्यात कॅनडाने घर केलं होतं. “फाइल टाकून ठेवू या, अगं, टाकायला काय जातंय?” असं तो रोज जेवताना म्हणायचा. मला कॅनडा नको होतं, पुणं नको होतं, आणि इथेही धड बसवत नव्हतं. सकाळी सव्वासहाला आमचं कारपूल निघायचं. बाकीच्या तिघी मागे बसून डुलक्या काढायच्या आणि मी मात्र पुढे ड्रायव्हरशेजारी, समोरची गाडी हलत नसताना उजव्या पायाने ब्रेक दाबत असायची. घरी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या एकदा घालून झाल्या तरी मोडून पुन्हा घालायची. नवरा म्हणायचा, “तुझं काहीतरी राहिलंय का करायचं?” मी म्हणायची, “काही नाही.”

म्हणून असेल, पण या न बसणाऱ्या बाईंशी माझं लवकर जमलं.

त्यांची कारकीर्द मी अशी सरळ ऐकलीच नाही. ऐकली ती सांध्यांच्या क्रमाने. पहिल्या आठवड्यात डाव्या हाताची करंगळी. ती बाहेरच्या बाजूला वळलेली होती. स्लिपमध्ये झेल घेताना मोडली, त्या म्हणाल्या. संघाबरोबर डॉक्टर नव्हता. बसच्या ड्रायव्हरकडे चिकटपट्टी होती. त्या पट्टीने करंगळी शेजारच्या बोटाला बांधली आणि दुसऱ्या दिवशी सामना वाचवायला त्या चहापासून खेळ संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

“बघायला कोण होतं?”

“काही आईबाप, दोन-तीन कुत्री आणि एक आइस्क्रीमवाला. आइस्क्रीमवाला शेवटपर्यंत थांबला. त्याला क्रिकेट कळत होतं.”

मग गुडघे. दोन्ही गुडघ्यांवर जुने, चकाकणारे व्रण होते. त्या काळी इंग्लंडच्या मुली स्कर्ट घालून खेळायच्या. चेंडू अडवायला झेप घेतली की कातडं मैदानावरच राहायचं. संघाचा कोटही स्वतः शिवून घ्यायचा, दौऱ्याचं भाडंही स्वतःच भरायचं. उतरायचं कुणाच्या तरी घरी, त्यांच्या मुलांच्या खोलीत.

मग कंबर. ती वेगवान बोलिंगने गेली होती. बाप कापडगिरणीत, घरात तीन भाऊ. भावांना बोलर कमी पडायचा म्हणून हिला घ्यायचे. पुढे त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या. देशाच्या संघात निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होत्या. पहिला लांबचा दौरा आला आणि मुख्याध्यापिकेने रजा नाकारली, तेव्हा त्यांनी राजीनामा देऊन विमान धरलं. परत आल्या तेव्हा त्या देशातल्या सगळ्यात चांगल्या अष्टपैलू खेळाडू होत्या आणि बेकरीत पहाटे पाव भाजत होत्या. पुढची दहा-बारा वर्षं नवा चेंडू त्यांच्याच हातात असायचा. बॅटिंगलाही चौथ्या नाहीतर पाचव्या नंबरवर त्याच. संघ अडचणीत आला की कॅप्टन त्यांच्याकडे बघायची.

“आणि मग?”

“मग अडतिसाव्या वर्षी पत्र आलं. दोन ओळी. दुसऱ्या ओळीत शुभेच्छा होत्या.”

मी त्यांचा दंड धरून हळूहळू वर नेत होते. खांदा एका ठिकाणी येऊन अडला. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“मी शेवटची ओव्हर टाकली तेव्हा ती शेवटची आहे हे मला ठाऊकच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “काय टाकलं तेही आठवत नाही. मला एक ओव्हर अशी हवीय, जी शेवटची आहे हे मला माहीत असेल.”

माझ्या नवऱ्याला क्रिकेटचं वेड आहे. कुठल्या अष्टपैलूने कुठल्या मैदानावर किती बळी घेतले हे तो भाजी चिरता चिरता सांगू शकतो. एकदा जेवताना मी सहज विचारलं, “इंग्लंडच्या बायकांमधली एखादी जुनी ऑलराउंडर माहितीय का रे तुला?”

“आत्ताच्या दोघी-तिघी सांगतो.”

“आत्ताच्या नाही. जुन्या.”

“जुन्या काळी बायका खेळायच्या?” तो म्हणाला आणि त्याने भात घेतला.

मी पुढे काही बोलले नाही. पेशंटची गोष्ट घरी सांगायची नसते, हे एक कारण. दुसरं कारण असं, की मला राग आला होता आणि तो नेमका कुणाचा, ते कळत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी डबा घेऊन खाली तळ्याकाठी बसले होते. समोरच्या फरसबंदीवर बाई. हातात संत्रं. दोन पावलं चालून, हात खांद्यावरून फिरवून त्यांनी ते टाकलं. संत्रं टप्पा पडून फुटलं आणि घरंगळत पाण्यात गेलं. पिशवीत आणखी चार होती. दुसरं टाकायच्या आत सुरक्षारक्षक धावत आला.

“मॅडम, नो प्लेइंग हिअर.”

“मी खेळत नाहीये, ही फिजिओथेरपी आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तिला विचारा.”

मी डबा तसाच टाकून उठले. रक्षकाची समजूत घातली आणि मग बाईंवर भडकले. अजून सहा आठवडे हात डोक्याच्या वर जोराने न्यायचा नाही, असं मी त्यांना लिहून दिलं होतं. शिवण उसवली तर पुन्हा ऑपरेशन, आणि या वयात ते कुणी करणारही नाही. बाई शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होत्या.

“खलास?” त्यांनी विचारलं. इथे येऊन त्या एवढाच अरबी शब्द शिकल्या होत्या.

“खलास नाही. पण दोन आठवडे मागे गेलात.” मग रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, “आणि तुमचा पुढचा पाय उघडा पडतोय. सगळा जोर खांद्यावर येतो त्याने.”

त्या थांबल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तू बोलिंग केलीयेस.”

मग सांगावंच लागलं. हो, केलीये. अठराव्या वर्षापर्यंत. मध्यमगती. कॉलेजच्या संघातून खेळायचे, राज्याच्या निवड चाचणीला नाव गेलं होतं.

“मग?”

“वडिलांनी जाऊ दिलं नाही.”

हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते आपोआप यायचं, घरचा पत्ता सांगितल्यासारखं.

“वाईट माणूस?”

“नाही हो. जुन्या वळणाचे.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि उरलेली संत्री मला देऊन टाकली.

जानेवारीत माझे वडील आले. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच असतात. थंडीचे दोन महिने आमच्याकडे येतात. शारजा हे नाव त्यांच्या पिढीत क्रिकेटशिवाय दुसऱ्या कशासाठी घेतलंच जात नसे, त्यामुळे आपली मुलगी शारजात राहते हे ते अजूनही अभिमानाने सांगतात. सकाळी नहदाच्या बागेत फिरायला जायचे, तिथे त्यांनी तीन मराठी आजोबा जमवले होते. दुपारी माझ्या मुलीची वाट बघायचे. ती तेरा वर्षांची. तीही क्रिकेट खेळते, शनिवारी सकाळी नेटमध्ये जाते. आजोबा मराठीत विचारतात, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं व्यवस्थित चालतं.

एका संध्याकाळी भाकरी खाता खाता ती त्यांना म्हणाली, “आजोबा, यू डिडन्ट लेट मम्मा प्ले, ना? दॅट वॉज सो अनफेअर.”

वडिलांचा हात ताटावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिठल्याचं भांडं उचलून उगाच आत नेलं. आतून ऐकत होते. वडील म्हणाले, “ताक आहे का गं?”

खरं काय झालं होतं ते इथे सांगते.

चाचणीच्या दिवशी वडिलांनी कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढली होती. माझी किटबॅग त्यांनी स्वतः खाली नेली, स्कूटरवर पायापाशी बसवली, स्कूटर सुरू केली. मी दुसऱ्या मजल्यावर खिडकीत उभी होते. त्यांनी एकदा हॉर्न दिला. मग दुसऱ्यांदा. मग वर आले. मी म्हटलं, पोटात दुखतंय. ते म्हणाले, “भीती वाटतेय का?” मी म्हटलं, “नाही. मला जायचंच नाहीये.” ते वळले. मग खाली जाऊन बॅग घेऊन आले, बूट काढले आणि आत जाऊन कपडे बदलले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, घरून परवानगी नव्हती. त्यांना किती वाईट वाटलं! त्या वाईट वाटण्यात मला बरं वाटलं. मग तेच लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं, तेच पुढे मुलीला : मला मिळालं नाही, तुला मिळतंय, तर नीट खेळ. वडिलांच्या कानावर ते कधी ना कधी आलं असणार. पण त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही.

त्या संध्याकाळनंतर माझी झोप उडाली. कामावर हात चालायचे पण लक्ष नसायचं. एका माणसाचा डावा खांदा दुखत होता, मी उजव्याला शेक द्यायला सुरुवात केली. त्याने सांगितल्यावर कळलं.

याच सुमारास बाईंचा मुलगा मला भेटायला आला. पन्नाशीचा, शांत, चांगल्या सुटातला माणूस. आमच्याच तळ्यापलीकडच्या टॉवरमध्ये त्याचं ऑफिस. त्याचे वडील वारल्यावर तो आईला इकडे घेऊन आला होता.

“तिला सांगाल का, आता पुरे म्हणून?” तो म्हणाला. “तुमचं ऐकेल.”

“खांदा तयार झालाय,” मी म्हटलं. “सहा चेंडू टाकू शकतील. सर्जननेही हो म्हटलंय.”

त्याने हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाला, “मी तीन वर्षांचा होतो तेव्हा ती चार महिने दौऱ्यावर गेली. मावशीकडे ठेवून. परत आली तेव्हा मी मावशीच्या मागे लपलो होतो, म्हणतात. मला आठवत नाही. पण तिला आठवतं आणि ती एकदाही त्याबद्दल बोललेली नाही. क्रिकेटबद्दल मात्र आत्ताही बोलते.” तो उठला. “कधी आहे ते सांगा. मी गाडीने आणीन तिला.”

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही माझ्या मुलीच्या नेटवर जमलो. औद्योगिक भागाच्या कडेला एक मैदान आहे. सिमेंटच्या पट्टीवर हिरवी चटई, भोवती वाळू आणि पलीकडे गॅरेजमध्ये पत्रे ठोकल्याचा आवाज. मुलींचा सराव संपल्यावर कोचने आम्हाला अर्धा तास दिला. त्या वेळी मी नवऱ्याला सांगितलं, या कोण आहेत ते. तो इतका ओशाळला, की त्याने लगेच ग्लोव्हज चढवले आणि स्टंपमागे जाऊन उभा राहिला.

बॅटिंगला कोण? बाईंनी माझ्या वडिलांकडे बोट केलं. ते सत्त्याहत्तर वर्षांचे. पांढरी टोपी घालून आले होते. “मी? बरं, बरं,” असं म्हणत त्यांनी नातीचं पॅड बांधलं, एकाच पायाला.

बाईंचा मुलगा गाडीतच बसला होता.

पहिल्या चेंडूचे दोन टप्पे पडले. दुसरा वडिलांच्या मागून गेला. बाईंचा चेहरा लाल झाला होता. मी पुढे झाले तर त्यांनी डावा हात उंचावून मला थांबवलं. तिसरा बरोबर टप्प्यावर पडला. वडिलांनी पाय पुढे टाकून तो थोपवला आणि आपणहून “वा!” म्हणाले. चौथ्याला त्या धावता धावता थांबल्या, परत गेल्या, पुन्हा आल्या. तो चेंडू पडून बाहेर वळला आणि बॅटच्या कडेपासून बोटभर अंतरावरून नवऱ्याच्या ग्लोव्हजमध्ये गेला. वडिलांनी टोपी काढली. मुलाने गाडीचं दार उघडलं होतं, तो जाळीपाशी येऊन उभा राहिला. पाचवा साधाच. सहावा त्यांनी मुद्दाम हळू टाकला. वडील फसले, बॅट आधी फिरली आणि चेंडू वर उडून सरळ बाईंकडे गेला. त्या डावीकडे झुकल्या, चेंडू वाकड्या करंगळीला लागला आणि सुटला.

बाईंनी एक सणसणीत इंग्लिश शिवी दिली. माझी मुलगी खदखदून हसली. बाई वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या, किती वेळ कोण जाणे. मुलगा पाण्याची बाटली घेऊन आत आला, पण त्याने ती पुढे केली नाही. नुसता शेजारी उभा राहिला.

मग त्या सरळ झाल्या, चेंडू उचलला आणि माझ्या हातात दिला. “आता तू.”

“मी नाही. मी किती वर्षांत...”

“सहाच.”

“नको.”

त्या माझ्या वडिलांकडे वळल्या. शिक्षिकेचा आवाज. “तुम्ही हिला का जाऊ दिलं नाहीत?”

वडिलांना इंग्रजी समजतं, बोलायला मात्र ते कचरतात. त्यांनी बॅट काखेत धरली, माझ्याकडे बघितलं नाही. “येस मॅडम,” ते म्हणाले. “माय मिस्टेक. ओल्ड थिंकिंग.”

ते परक्या बाईसमोर, जावयासमोर, नातीसमोर एका पायाला पॅड बांधून उभे होते आणि माझ्यासाठी खोटं बोलत होते. मला वाटलं, आता नाही बोलले तर यापुढे कधीच बोलणार नाही.

“खोटं आहे ते,” मी मराठीतच म्हटलं. मग मुलीकडे बघून पुन्हा म्हटलं, “आजोबांनी मला अडवलं नव्हतं. ते स्कूटर चालू करून खाली थांबले होते. मीच गेले नाही. मला भीती वाटली. आणि नंतर मी सगळ्यांना त्यांचं नाव सांगितलं.”

पत्रे ठोकण्याचा आवाज चालूच होता. बाईंना मराठी कळलं नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने त्यांना इंग्रजीत सांगितलं, सगळं, काहीही न गाळता. आपली लाज आपल्या लेकराने परक्या भाषेत सांगताना ऐकणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मग ती माझ्याकडे वळली. “सो यू लाइड? फॉर लाइक, माय होल लाइफ?”

“हो.”

ती किटबॅग उचलून गाडीकडे चालू लागली.

मी चेंडू टाकला नाही. तो मी चटईवर ठेवला आणि वडिलांचं पॅड सोडायला बसले. त्यांनी पाय मागे घेतला. “मी सोडतो,” ते म्हणाले.

घरी आल्यावर वडील माझ्यावर चिडले. “कशाला बोललीस? माझं काय जात होतं? या वयात मला कुठे सोयरिकी जुळवायच्यात?”

“तुम्ही इतकी वर्षं गप्प का बसलात, बाबा?”

“तुला ते सांगून बरं वाटतं, असं वाटलं मला.” ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले, गॅलरीचं दार उघडून परत लावलं. “आणि अगदीच खोटं नव्हतं ते. मी तुला एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, चल. मला माहीत होतं तुला भीती वाटतेय. मी आपला बूट काढून मोकळा झालो.”

मी दारात पडलेले त्यांचे बूट उचलून कपाटात ठेवले.

बाई शेवटच्या तपासणीला आल्या तेव्हा पहिल्यांदाच स्वतःहून खुर्चीत बसल्या. खांदा चांगला होता, थोडी सूज होती. मी बर्फ लावत असताना त्या म्हणाल्या, “मी गेले, त्याचा त्रास माझ्या मुलाला झाला. तू गेली नाहीस, त्याचा दोष तुझ्या वडिलांनी घेतला. आपण दोघी काही फार चांगल्या नाही.”

“त्याला कधी बोललात हे?”

“परवा. गाडीत. मैदानावरून येताना.” त्यांनी बर्फाची पिशवी स्वतःच धरली. “तो म्हणाला, सिग्नल लागलाय, नंतर बोलू. पण नंतर बोलला खरा.”

सुटलेला झेल मात्र त्यांच्या मनातून जात नव्हता. त्याबद्दल त्या दोनदा बोलल्या.

एप्रिलमध्ये ऊन चढायच्या आत त्या इंग्लंडला निघून गेल्या, एकट्याच, मुलाने नको म्हटलं तरी. आपल्या जुन्या गावात मुलींच्या सामन्यांना अंपायरिंग करतात, असं तो सांगतो. तो आता सुट्टीत तिकडे जातो. आमचं क्लिनिक विकलं गेलं. नव्या मालकांनी मला ठेवलं, पण सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर. कॅनडाची फाइल नवऱ्याने अखेर टाकली आहे. मला अजून रात्रीची झोप धड लागत नाही, पण कपड्यांच्या घड्या मी एकदाच घालते.

मुलगी माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी विज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी थर्माकोल हवा होता म्हणून बोलली. मग हळूहळू बोलत राहिली, पण पूर्वीसारखं माझं सगळं खरं मानत नाही. मी काहीही सांगितलं की एक भुवई वर जाते. तो तिचा हक्क आहे.

गेल्या महिन्यात तिची सोळा वर्षांखालच्या संघासाठी चाचणी होती. सकाळी मी तिच्यासाठी पराठे केले, बाटली भरली, गाडीची किल्ली घेतली. ती कपडे करून सोफ्यावर बसली होती. बूट घातले होते, नाड्या बांधल्या नव्हत्या.

“आय डोन्ट वॉन्ट टू गो,” ती म्हणाली.

“पोटात दुखतंय?”

“नो. आयॅम स्केअर्ड.” आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “ॲट लीस्ट आयॅम सेइंग इट.”

मी उभीच होते. तिला उचलून गाडीत बसवावं असं वाटत होतं. तिला जवळ घेऊन नको जाऊस म्हणावं असंही वाटत होतं. घड्याळात अजून चाळीस मिनिटं होती आणि रस्ता पंचवीस मिनिटांचा. मी तिच्या शेजारी बसले. पाय हलत होता माझा, तो दाबून धरला.

“चल,” मी म्हटलं.

ती सुटलेल्या नाड्यांकडे बघत राहिली. मी थांबले. मग दुसऱ्यांदा म्हटलं, “चल.”

ती वाकली आणि एका बुटाची नाडी बांधू लागली.